दिवाळे न निघणारी नगरपालिका

हुकूमनाम्याच्या शेवटी एक छोटा तक्ता असतो. निकाल वाचणारे बहुतेक लोक तिथपर्यंत पोहोचत नाहीत. एका रकान्यात वादीचा खर्च, दुसऱ्यात प्रतिवादीचा. कोर्ट फी स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, वकिलाची फी, साक्षीदारांचा भत्ता, समन्सचा खर्च, किरकोळ, आणि खाली बेरीज. निकालात ‘दावा खर्चासह मंजूर’ असे लिहिले असेल, तर ही बेरीज हरलेल्याने जिंकलेल्याला द्यायची असते. या प्रकरणात आपण त्या बेरजेचा माग काढणार आहोत, आणि तोही हरलेला पक्ष नगरपालिका, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत असेल तेव्हा.

असे पक्षकार थोडेथोडके नाहीत. बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा, घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा आणि जळगाव जामोद, अशा अकरा नगरपालिका आहेत. मोताळा आणि संग्रामपूर या नगरपंचायती. शिवाय जिल्हा परिषद आणि शेकडो ग्रामपंचायती. कायद्याच्या नजरेत यातली प्रत्येक संस्था स्वतंत्र व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन असते, तिच्यावर दावा लावता येतो, तिच्या डोक्यावर कर्ज होऊ शकते. माणसाला किंवा कंपनीला होता येते ते एकच तिला होता येत नाही, ते म्हणजे दिवाळखोर.

ऐकणाऱ्याला हे धनकोच्या फायद्याचे वाटते. जी संस्था बुडूच शकत नाही, तिच्याकडे पैसे कसे बुडतील? माझे मत नेमके उलटे आहे. दिवाळखोरीचा कायदा ऋणकोला वाचवतो हे खरे, पण त्याचे अर्धे काम धनकोंसाठी असते. सगळ्यांना एका ठिकाणी बोलावणे, कोणाचे किती देणे आहे ते मांडणे, आधी कोणाला आणि किती द्यायचे ते ठरवणे. नगरपालिकेच्या बाबतीत हे काम करणारे कोणीच नाही. म्हणून तिच्याविरुद्धची डिक्री, म्हणजे हुकूमनामा, मरत नाही आणि वसूलही होत नाही.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी कायद्यातली आहे. घाटाखालच्या एका नगरपालिकेने नालीचे काम दिले. काम झाले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल निघाले १८ लाखांचे. पैसे आले नाहीत. ठेकेदार दोन वर्षे चकरा मारतो. दावा तीन वर्षांच्या मुदतीत लावला पाहिजे, म्हणून शेवटी वकील गाठतो. पुढे दावा जिंकतो. व्याज मिळते, खर्चही मिळतो. पण तक्त्यात वकिलाच्या फीपुढे जो आकडा पडतो तो नियमातल्या दराने काढलेला असतो आणि ठेकेदाराने खिशातून दिलेल्या फीशी त्याचा फारसा मेळ बसत नाही.

हे का होते? दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५ सांगते की खर्च द्यायचा की नाही हे न्यायालयाने ठरवावे, आणि जिंकलेल्याला खर्च द्यायचा नसेल तर तशी कारणे लिहून ठेवावीत. म्हणजे इंग्लंडप्रमाणे आपल्याकडेही तत्त्व एकच, हरेल तो भरेल. व्यवहारात मात्र अनेक निकाल ‘ज्याचा खर्च त्याने सोसावा’ या एका वाक्यावर संपतात. खोटा किंवा त्रास देण्यासाठीच लावलेला दावा असेल तर कलम ३५-अ खाली भरपाई मिळते, पण तिची कमाल मर्यादा ३ हजार रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या खटल्यात खर्च वास्तवाला धरून असावा असे बजावले. २०११ मध्ये संजीवकुमार जैन खटल्यात तोच विषय पुन्हा निघाला आणि नियमातले दर कालबाह्य झाल्याबद्दल न्यायालयाने नाराजी नोंदवली. वकिलाची खरी फी मिळायची असेल तर नियम बदलायला हवेत, असा त्या निकालाचा रोख होता.

आपल्या ठेकेदाराच्या हाती मात्र एक नवे हत्यार आहे, आणि ते पुरेसे वापरले जात नाही असे मला वाटते. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने बांधकामाचे ठेके आणि निविदा यांचे वाद वाणिज्यिक ठरवले. एक बाजू शासकीय संस्था असली तरी वाद वाणिज्यिकच राहतो, असेही कायद्यात लिहिले आहे. २०१८ च्या दुरुस्तीने किमान रक्कम १ कोटीवरून ३ लाखांवर आली. अशा वादांसाठी कलम ३५ नव्याने लिहिले गेले आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा सर्वसाधारण नियम, खर्चात वकिलाच्या वाजवी फीचा समावेश, आणि पक्षकारांचे वागणे पाहून रक्कम ठरवण्याची मुभा. देणे मान्य असूनही निव्वळ वेळ काढण्यासाठी दावा लढवणाऱ्या नगरपालिकेकडून खरा खर्च मागता येईल, तो याच तरतुदीखाली. मात्र त्यासाठी फीच्या पावत्या दप्तरात ठेवाव्या लागतात आणि खर्चाचा हिशेब युक्तिवादाच्या वेळीच न्यायालयापुढे ठेवावा लागतो. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी करून पाहणे सक्तीचे आहे. पाटील ऑटोमेशन खटल्यात २०२२ मध्ये ते पक्के झाले.

अमेरिकेत तत्त्व निराळे आहे. तिथे ज्याने त्याने आपल्या वकिलाचे पैसे द्यावेत हा नियम, आणि हरलेल्याकडून फी मिळणे हा अपवाद. १९७६ च्या एका कायद्याने नागरी हक्कांच्या खटल्यांत असा अपवाद केला. पोलिसांनी किंवा नगर प्रशासनाने हक्कांवर गदा आणली आणि तुम्ही जिंकलात, तर वकिलाची फीही समोरच्याने द्यायची. कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेजो शहराने २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या काळात तिथल्या पोलिसांविरुद्ध अशा प्रकारचा एक खटला चालू होता. पुढे ज्यूरीने ५० हजार डॉलर भरपाई दिली आणि वकिलांची फी ठरली ३ लाख डॉलरच्या वर. प्रश्न असा निघाला की शहराच्या दिवाळखोरीत हे देणेही आटले का? २०१६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने नाही म्हटले. दिवाळे शहराने काढले होते, पोलिस अधिकाऱ्यांनी नाही, आणि निकाल त्या अधिकाऱ्यांच्या नावावर होता. शहर बुडाले तरी फीचा निवाडा तरला.

आपल्याकडे या प्रश्नाची पहिली पायरीच येत नाही. १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा मुंबई, कोलकाता, चेन्नई ही शहरे सोडून मुलखाला लागू झाला. त्याचे कलम ८ एका ओळीत विषय संपवते. कायद्याने स्थापन झालेल्या निगम संस्थेविरुद्ध किंवा नोंदणी झालेल्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करता येत नाही. नगरपालिका ही निगम संस्थाच. २०१६ ची दिवाळखोरी संहिता आली ती कंपन्या, मर्यादित दायित्वाच्या भागीदाऱ्या आणि व्यक्ती यांच्यासाठी. तिच्या व्याख्येत स्थानिक संस्था बसत नाही. तरीही कोणी तरी ते दार ठोठावून पाहणारच होते, आणि ते काम महाराष्ट्रातल्या एका उद्योजकाच्या वारशाने केले. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने सर्वोच्च न्यायालयात गाऱ्हाणे मांडले. सरकारी संस्था लवादाचे निवाडे वर्षानुवर्षे थकवतात, आणि त्या काळात कंपनीचे पुरवठादार मात्र तिलाच दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात ओढतात, असे तिचे म्हणणे. मग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासारख्या संस्थांनाही त्याच संहितेखाली आणा. २७ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात न्यायमूर्ती नरिमन यांनी ते नाकारले. महामार्ग प्राधिकरण कायद्याने निर्माण केलेले आहे, ते शासनाचाच विस्तारित भाग म्हणून काम करते. त्याचा कारभार खाजगी व्यावसायिकाच्या हाती देता येत नाही आणि ते मोडीतही काढता येत नाही. महामार्गाच्या जागी नगरपालिकेची पाण्याची टाकी आणि कचऱ्याच्या गाड्या ठेवल्या तरी तर्क तोच राहतो.

कंपनीचे गाऱ्हाणे मात्र खरे होते आणि ते अजून शिल्लक आहे. ठेकेदार बुडू शकतो, त्याला काम देणारी संस्था बुडू शकत नाही. मधल्या सगळ्या वर्षांचा भार एकाच बाजूवर पडतो.

आता आपल्या ठेकेदाराकडे परत येऊ. त्याच्या हाती डिक्री आहे. ती आपोआप वसूल होत नाही. ती वसूल करण्यासाठी पुन्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्याला आपल्या जिल्ह्यातल्या कोर्टांत दरखास्त म्हणतात, अर्ज करणारा दरखास्तदार. शासनाविरुद्धच्या डिक्रीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ चे कवच आहे. तीन महिने वाट पाहिल्याशिवाय वसुलीचा हुकूम निघत नाही. नगरपालिका म्हणजे शासन नव्हे, म्हणून ही सवलत तिला नाही. अपील केल्यावर तारण न देता स्थगिती मागण्याची सोयही संहितेने शासनाला दिली आहे, नगरपालिकेला नाही. इथवर पाहिले तर दरखास्तदाराची बाजू भक्कम आहे.

अडचण पुढे येते. टाच कशावर लावायची? ज्या मालमत्तेची विल्हेवाट लावण्याचा हक्क ऋणकोला आहे, तीच जप्त करून विकता येते. रस्ते, नाल्या, जलकुंभ, शाळा, स्मशानभूमी ही लोकांच्या वापरासाठी नगरपालिकेच्या ताब्यात असतात. ती विकायला नगरपालिका मोकळी नाही, मग तिचा धनको तरी कसा विकणार? उरतात गाळे, मोकळ्या जागा, वाहने, टेबल-खुर्च्या आणि बँकेतली शिल्लक. बेलिफ वॉरंट घेऊन कार्यालयात येतो, संगणक आणि खुर्च्यांचा पंचनामा होतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. हे दृश्य महाराष्ट्रात कुठल्याही जिल्ह्याच्या वाचकाला ओळखीचे आहे. जुन्या खुर्च्यांच्या लिलावातून १८ लाख येणार नाहीत हे बेलिफालाही ठाऊक असते. त्या जप्तीचा खरा जोर लोकलाजेत असतो. मुख्याधिकाऱ्याला तुरुंगात पाठवा असेही म्हणता येत नाही, कारण ऋणको नगरपालिका आहे, तो नाही.

बँकेतल्या शिल्लकीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. छोट्या नगरपालिकेच्या खात्यांत कधी कधी कोट्यवधी रुपये दिसतात. त्यातले बहुतेक ठरावीक कामाचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी जे अनुदान दिले, त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला, उरलेल्या ४० टक्क्यांतूनही पगार किंवा आस्थापनेचा खर्च करायला मनाई. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. तिच्या बदल्यात येणारे सहायक अनुदान पगारात जाते. मग स्वतःचे असे काय उरते? मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका. जाणत्या दरखास्तदाराने खुर्च्यांच्या मागे न लागता इथे यावे. संहितेच्या आदेश २१, नियम ४६-अ खाली न्यायालय गाळेधारकाला नोटीस काढू शकते की नगरपालिकेला द्यायचे भाडे तू न्यायालयात भर. रक्कम लहान असते पण दर महिन्याला येते, आणि कोणत्याही योजनेच्या निधीला हात लागत नाही. अशा नोटिशीआधी ऋणकोने आपल्या मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असा अर्ज नियम ४१ खाली करता येतो. नगरपालिकेची कोणती खाती कशाची आहेत हे कागदावर यायला त्याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

अपुरे पैसे आले तर ते कशात धरायचे? मुद्दल, व्याज आणि तक्त्यातला खर्च, या तिन्हींपैकी आधी काय फिटले असे मानायचे? हा प्रश्न बारीक वाटतो, पण हजारो भूसंपादन दाव्यांत तो लाखोंचा फरक पाडतो. २००६ मध्ये गुरप्रीतसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी त्याचे उत्तर दिले. सर्वसाधारणपणे आलेली रक्कम आधी व्याज आणि खर्चात, मग मुद्दलात धरावी. वर्षानुवर्षे थोडे थोडे भरणाऱ्या संस्थेचे मुद्दल त्यामुळे जागच्या जागी राहते आणि व्याज चालू राहते. लेखा विभागाने हा हिशेब एकदा जरी मांडला तरी कळेल की देणे थकवणे हे सगळ्यात महागडे कर्ज आहे.

यात आणखी एक धनको आला तर? दुसरा ठेकेदार, सेवानिवृत्त कर्मचारी, आरक्षणात गेलेल्या जागेचा मालक? कंपनीच्या दिवाळखोरीत सगळ्यांचे दावे एका यादीत येतात. इथे प्रत्येकजण आपापली दरखास्त घेऊन वेगवेगळ्या कोर्टात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७३ मध्ये सामुदायिक न्यायाचा एक तुकडा शिल्लक आहे. एका न्यायालयात ऋणकोचे पैसे जमा झाले, आणि ते जमा होण्याआधी अनेक डिक्रीदारांनी तिथे अर्ज केलेले असतील, तर पैसे प्रमाणात वाटले जातात. अर्ज करायला उशीर झाला तर वाटा नाही. जो जागरूक, ज्याला वकील परवडतो, तो आत, बाकीचे बाहेर. हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बाईला पडक्या भिंतीखाली दुखापत झाल्याबद्दल मिळालेली डिक्री या रांगेत कुठे असेल, हा प्रश्न मला सतत सतावतो.

कर्ज देणाऱ्या मोठ्या संस्थांची मात्र सोय शंभर वर्षांपूर्वीच झाली. १९१४ चा स्थानिक प्राधिकरण कर्ज कायदा सांगतो की ज्या उत्पन्नाच्या तारणावर कर्ज दिले ते थकले तर शासन तो निधी जप्त करू शकते. मग शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याखेरीज कोणी त्या निधीला हात लावायचा नाही. अधिकाऱ्याने त्यातून थकबाकी, व्याज आणि जप्तीचा खर्च वळता करायचा. हा कायदा मला फार बोलका वाटतो. दिवाळखोरीत होते तसे कारभार हाती घेण्याचे यंत्र आपल्याकडे होते आणि आहे, पण ते एकाच प्रकारच्या धनकोसाठी. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले तेव्हाही गुंतवणूकदारांना करवसुलीच्या खात्यावर पहिला हक्क मिळाला. नालीच्या ठेकेदाराला असा हक्क कोण देणार?

अमेरिकेने या पेचाला सरळ तोंड दिले. मंदीच्या काळात १९३४ मध्ये तिथल्या काँग्रेसने शहरांसाठी वेगळा दिवाळखोरीचा कायदा केला. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, १९३७ मध्ये सुधारून पुन्हा झाला, १९३८ मध्ये टिकला. आज त्याला नववे प्रकरण म्हणतात. त्यात धनको शहराला दिवाळखोरीत ओढू शकत नाहीत, शहरानेच यायचे असते, तेही राज्याच्या परवानगीने. न्यायालय शहराची मालमत्ता विकत नाही, महापौराला हटवत नाही. फक्त सगळ्या देण्यांची एक योजना मंजूर करते. १९९४ मध्ये ऑरेंज काउंटी, २०१३ मध्ये सुमारे १८०० कोटी डॉलरच्या देण्यासह डेट्रॉइट या मार्गाने गेले. डेट्रॉइटमध्ये निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनलाही कात्री लागली, म्हणून हा मार्ग निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. पण तिथे निदान प्रत्येक धनकोचे नाव एका यादीत आले आणि प्रत्येकाला बोलण्याची वेळ मिळाली.

आपल्या न्यायालयांनी स्थानिक संस्थेच्या गरिबीचा विचार केला नाही असे नाही. १९८० या एकाच वर्षात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दोन निकाल दिले आणि ते एकत्र वाचायला हवेत. फेब्रुवारीत जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात ते म्हणाले की ज्याच्याकडे खरोखर पैसे नाहीत त्याला डिक्री फेडली नाही म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही. गरिबी म्हणजे लबाडी नव्हे. जुलैमध्ये रतलाम नगरपालिकेचा खटला आला. वस्तीत उघडी गटारे, दारूच्या कारखान्याचे सांडपाणी, शौचालये नाहीत. दंडाधिकाऱ्याने ते दूर करण्याचा हुकूम दिला होता आणि नगरपालिका पैसे नाहीत म्हणत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिथे तिला सांगण्यात आले की नागरिकांच्या आरोग्याचे कर्तव्य टाळण्यासाठी रिकाम्या तिजोरीची सबब चालणार नाही, आणि राज्य सरकारने तिला अनुदान किंवा कर्ज द्यावे. माणसाची गरिबी हा बचाव ठरला, नगरपालिकेची गरिबी ठरली नाही. दोन्ही निकालांमागची करुणा एकच आहे. नगरपालिकेला सूट दिली तर तिची किंमत उघड्या गटाराशेजारी राहणारा माणूस मोजतो.

रतलामचा धडा बुलढाण्याला परका नाही. लोणार सरोवराच्या जतनासाठी २००९ पासून नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका चालली. गावाचे सांडपाणी सरोवरात जाते, हा त्यातला एक मुद्दा होता. अशा कामाच्या हुकुमांमागे उच्च न्यायालयाच्या अवमानाच्या अधिकाराचे बळ असते. निव्वळ पैशाच्या डिक्रीमागे ते सहसा नसते. तिला दरखास्तीच्याच वाटेने जावे लागते.

नगरपालिकेचा स्वतःचा वकीलही कधी कधी याच वाटेवर येतो. स्थानिक संस्थेच्या पॅनेलवरचे वकील ठरलेल्या दराने काम करतात, बिले लेखापरीक्षणाच्या आक्षेपांत अडकतात, पदाधिकारी बदलले की फाइल मागे पडते. मग फीसाठी कागदपत्रे अडवून ठेवता येतात का? २००० मध्ये आर. डी. सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट नाही म्हटले. त्या खटल्यात मध्य प्रदेशातल्या सहकारी बँकेच्या कायदा सल्लागाराची ९७ हजार १०० रुपये फी बाकी होती आणि त्याने फाइली परत केल्या नव्हत्या. दप्तर पक्षकाराचे, ते परत करायचे, फीसाठी वेगळा मार्ग धरायचा. तो मार्ग आहे. १९२६ च्या वकील फी कायद्याने वकिलाला पक्षकारावर फीसाठी दावा लावण्याचा हक्क दिला. इंग्लंडच्या जुन्या बॅरिस्टर मंडळींना तो नव्हता. पण दावा जिंकल्यावर तोही वकील आपल्या ठेकेदाराच्याच रांगेत उभा राहतो.

या सगळ्याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. नगरपालिका ऋणको असते तशी धनकोही असते, आणि तिथे दिवाळखोरीचा कायदा तिच्यावर पूर्ण जोराने लागू होतो. औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना दिवाळखोरीत गेला, त्याच्याकडे लाखोंचा मालमत्ता कर थकला आहे. न्यायाधिकरणाने नेमलेला व्यावसायिक वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो की दावे पाठवा. कर विभागाने ती वाचली नाही, दावा गेला नाही, आणि दुसऱ्या उद्योजकाची योजना मंजूर झाली. आता ते करदेणे कायमचे गेले. २०१९ च्या दुरुस्तीने दिवाळखोरी संहितेच्या कलम ३१ मध्ये ‘स्थानिक प्राधिकरण’ हे शब्द मुद्दाम घातले, आणि १३ एप्रिल २०२१ च्या घनश्याम मिश्रा खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मंजूर योजनेत नसलेली केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेची देणी विझतात. म्हणजे कारखान्याचे नगरपालिकेला असलेले देणे पुसता येते, नगरपालिकेचे ठेकेदाराला असलेले देणे पुसता येत नाही. कागदावर हा समतोल नगरपालिकेच्या विरुद्ध आहे, आणि तो सावरण्यासाठी लागते ते फक्त कर विभागातल्या एका माणसाचे लक्ष.

जमिनीच्या बाबतीत कायदा तिच्या पाठीशी आहे. अंधेरीत मरोळला मुंबई महापालिकेने २००५ मध्ये सेव्हन हिल्स या कंपनीला १५०० खाटांचे रुग्णालय उभारायला आपली जागा दिली. वीस टक्के खाटा महापालिकेसाठी राखायच्या होत्या. रुग्णालय अर्धवट राहिले, कंपनी दिवाळखोरीत गेली, हैदराबादच्या न्यायाधिकरणाने एक योजना मंजूर केली आणि त्या योजनेत महापालिकेच्या जागेचाही हिशेब धरला. १५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली. न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी लिहिलेल्या निकालात म्हटले की महापालिकेची जमीन देण्याघेण्याला तिच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे तिची मंजुरी लागते, आणि दिवाळखोरी संहिता इतर कायद्यांवर वरचढ असली तरी ती मंजुरी ओलांडू शकत नाही. काही महिन्यांतच करोना आला आणि त्याच रुग्णालयात महापालिकेने हजारो रुग्णांवर उपचार केले. जमीन गेली असती तर ते झाले असते का, याचा विचार त्या निकालावर टीका करणाऱ्यांनी करावा.

मग डिक्रीदाराने काय करावे आणि संस्थेने काय करावे? शहरांच्या दिवाळखोरीचा कायदा आपल्याकडे उद्या येईल असे मला वाटत नाही, आणि तो घाईने यावा असेही वाटत नाही. पण त्यातली चांगली गोष्ट, सगळ्या देण्यांची एक यादी, ही आजच्या कायद्यातच शक्य आहे. २०१३ च्या महाराष्ट्र नगरपालिका लेखा संहितेने नगरपालिकांना दुहेरी नोंदीची, उपार्जित पद्धतीची हिशेबवही दिली. त्या पद्धतीत अपिलात असलेल्या डिक्रीची रक्कम संभाव्य देणे म्हणून ताळेबंदाखाली दाखवावी लागते, आणि अंतिम झालेली डिक्री देणे म्हणून थेट ताळेबंदात. प्रत्येक नगरपालिकेने हे प्रामाणिकपणे केले, अर्थसंकल्पात न्यायालयीन देण्यांचे वेगळे शीर्ष उघडले, त्यात मालमत्ता कराच्या वसुलीचा ठरावीक हिस्सा टाकला आणि देणी तारखेच्या क्रमाने फेडली, तर बेलिफाला खुर्च्या मोजायला यावे लागणार नाही. राज्य सरकारने असा क्रम नियमांत लिहून द्यावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. भाजीवालीची डिक्री त्या क्रमात आधी यावी, रोखेधारकाच्या बरोबरीने तरी यावी.

तोवर डिक्रीदाराला तारखा सांभाळाव्या लागतात. मुदतीच्या कायद्याप्रमाणे डिक्री अंमलात आणण्यासाठी १२ वर्षे मिळतात. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा खटल्यात सांगितले होते. २०२५ मध्ये पेरियम्मल खटल्यात देशभरची आकडेवारी मागवली तेव्हा ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित निघाल्या. सर्वांत जास्त, ३ लाखांहून अधिक, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या न्यायालयांत होत्या. बुलढाण्याची न्यायालये त्यातच येतात. म्हणून डिक्री हाती आली की पहिल्याच वर्षी दरखास्त दाखल करावी, दुसऱ्या कोणाच्या दरखास्तीत पैसे जमा होणार असतील तर कलम ७३ चा अर्ज त्याआधी द्यावा, आणि मागणीच्या तक्त्यात मुद्दल व व्याजाबरोबर हुकूमनाम्याच्या शेवटच्या पानावरची खर्चाची बेरीज लिहायला विसरू नये. ती वगळली तर बेलिफ ती आपणहून मागत नाही.